खंडेनवमीचं गवत

माणसाने थाप मारावी, पण हिरवळीवर बसून हिरवळीबद्दल मारू नये. काकासाहेब गाडेकरांनी नेमकी तीच मारली, आणि तीही होणाऱ्या व्याह्यांच्या दारात बसून.

त्यांची मुलगी सायली पसंत असल्याचा निरोप आला, म्हणून गाडेकर मंडळी तिलाही घेऊन वेरूळला मुलाचं घर बघायला गेली होती. मुलाचे वडील तात्यासाहेब यांचं लेण्यांच्या रस्त्याला हॉटेल आहे आणि हॉटेलपुढे लॉन आहे. गवत असं एकसारखं कापलेलं की सुरेखाबाईंनी, म्हणजे सायलीच्या आईने, चपला कडेला काढून ठेवल्या. चहा आला, भजी आली, नवरामुलगा सत्यम समोर खाली मान घालून बसला. तात्यासाहेब मात्र मुलाबद्दल चार शब्द बोलून जे लॉनवर आले ते लॉनवरून उठेचनात. कुठलं बी, कुठली माती, पाणी कधी, कापणी कधी. काकासाहेब पुष्कळ वेळ ऐकत राहिले. पण ते शेंद्र्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्याचे प्रमुख आहेत. मुलीच्या बापाने ऐकून घ्यायचे दिवस गेले असं त्यांचं मत आहे, आणि मत असलं की माणसाला ते कुठेतरी वापरावंसं वाटतंच.

"आमच्या कॉलनीतही आहे की लॉन," काकासाहेब म्हणाले. "माळीबिळी काही नाही. मशीन आहे. दर रविवारी मी स्वतः चालवतो."

सुरेखाबाईंच्या हातातली भजी तोंडाच्या वाटेवर थांबली.

"सोता?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"स्वतः."

"मंग ठरलं. साखरपुडा तुमच्या लॉनवरच करू. दसऱ्याचा मुहूर्त हाय, हॉल कशाला पाह्यजे?"

आता मुलाच्या आई, सरिताबाई, पहिल्यांदा बोलल्या. बाई कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की भोवतालच्या लोकांनी चमचे खाली ठेवावेत अशा. "आमचं कायबी मागणं नाय, काकासाहेब. हुंडा नको, मानपान नको. बोललेलं तेवढं खरं असावं. आमच्या घरात खोटं खपत नाय." त्या हे सर्वसाधारण बोलल्या असतील. काकासाहेबांनी मात्र चहाचा कप अर्धाच खाली ठेवला.

परतताना गाडीत, दौलताबादचा घाट उतरल्यावर सायली म्हणाली, "बाबा, आपल्या कॉलनीत लॉन कुठाय?"

"आहे की. जरा वाढलंय."

"मला त्या घरात आयुष्य काढायचंय, बाबा. पहिल्याच दिवशी मी थापाड्याची पोर ठरायला नको."

पोरगी रागावून बोलली असती तर काकासाहेबांनी उलट उत्तर दिलं असतं. ती हळू आवाजात बोलली, आणि ते त्यांना फार लागलं. दसऱ्याच्या आत आपला शब्द खरा करायचा, असं त्यांनी घाटाच्या पायथ्यालाच ठरवून टाकलं.

कॉलनीतलं लॉन म्हणजे नकाशात मोकळी जागा म्हणून दाखवलेला तुकडा. त्यात यंदाच्या पावसाने गवत गुडघ्याच्या वर गेलं होतं. पोरं तिथे चेंडू गेला की खेळ संपला असं समजून घरी जात. पण मशीन होतं, एवढं तरी खरं होतं. मागे कधीतरी कॉलनीला उत्साहाचा झटका आला होता, तेव्हा मागून ढकलत चालवायचं पेट्रोलवरचं मशीन घेतलं होतं. झटका ओसरल्यावर ते पाण्याच्या मोटारीच्या खोलीत गेलं आणि तिथे त्याच्यावर तुटक्या खुर्च्या रचल्या गेल्या. शेवटचं कोणी चालवलं यावर एकमत नव्हतं. ज्याला विचारावं तो दुसऱ्याचं नाव घेई.

खोलीची चावी कॉलनीचे अध्यक्ष अप्पाराव यांच्याकडे. अप्पाराव तहसीलमधून निवृत्त झाले आहेत, पण तहसील त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. गवत कापा म्हणून ते स्वतःच वर्षभर सगळ्यांच्या मागे लागले होते. आता कापणारा माणूस दारात उभा राहिल्यावर ते म्हणाले, "मशीन ही सामायिक मालमत्ता आहे. तिला वैयक्तिक हात लावायचा तर ठराव लागतो."

"अहो, गवतही सामायिकच आहे."

"म्हणून तर. अर्ज द्या. अर्जावर ठराव होईल, ठरावावर चावी मिळेल."

कमिटीत तिघे होते: अप्पाराव, स्वतः काकासाहेब आणि शेजारचा गोकुळ. मोटारीच्या खोलीच्या पायरीवर बैठक बसली, सुरेखाबाईंनी चहा दिला, आणि सदर मशीन सदर गवतावर चालविण्यास हरकत नाही असा ठराव तीन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. गोकुळचं सिडकोत मोबाइलचं दुकान आहे. जगातल्या कुठल्याही वस्तूची दुरुस्ती त्याने मोबाइलवर बघितलेली असते, केलेली नसते. "कायकू टेन्शन लेते, काका," तो म्हणाला. "पाच मिनिटाचं काम हाय. दोरी खेचायची, बस."

काकासाहेबांनी दोरी खेचली. मशीनने घसा खाकरला आणि ते गप्प झालं. पुन्हा खेचली. मग गोकुळ म्हणाला, चोक द्या. वरच्या गॅलरीतून अप्पाराव म्हणाले, चोक काढा. समोरच्या बंगल्यातल्या बाईंनी सुचवलं की आमच्या मिक्सरला असं झालं की आम्ही उलटा करून थोपटतो. कुणीतरी चार शेळ्या सोडा असंही म्हणालं. त्यावर, कॉलनीच्या नियमावलीत शेळी बसत नाही असा निर्वाळा अप्पारावांनी वरूनच दिला. काकासाहेब खेचत राहिले. खरं सांगायचं तर, कारखान्यात मशीन बिघडलं की पडद्यावर बिघाडाचा नंबर उमटतो आणि त्या नंबराचा माणूस धावत येतो. या मशीनला पडदाच नव्हता. त्यामुळे मेंटेनन्सच्या प्रमुखाने नेमकं कुठे बघायचं हा प्रश्न होता.

खांद्यातून कळ यायला लागली तेव्हा सायली खाली आली, मशीनभोवती एक फेरी मारून आणि दांड्यावर चिकटवलेली सूचना वाचून म्हणाली, "बाबा, ही लाल दांडी मुठीशी दाबून धरल्याशिवाय इंजिन चालूच होत नाही. सोडली की बंद. आणि काळी दाबली की चाकं आपोआप चालतात."

"माहीत आहे मला," काकासाहेब म्हणाले. "आधी इंजिन मोकळं करून घेत होतो."

लाल दांडी दाबून खेचल्यावरही मशीन चालू झालं नाही, ही गोष्ट काकासाहेबांच्या दृष्टीने समाधानाची ठरली. म्हणजे दोष सगळा त्यांचा नव्हता.

टाकीचं झाकण काढलं तर आतलं पेट्रोल शिळं होऊन काळपट पडलेलं. ते ओतून टाकलं. नवं आणायला रिकामी बाटली घेऊन पंपावर गेले, तर तिथल्या पोऱ्याने नम्रपणे पाटी दाखवली, बाटलीत पेट्रोल मिळणार नाही. काकासाहेबांनी मुलीच्या साखरपुड्याचं सांगितलं. पोऱ्याने अभिनंदन केलं आणि पाटी पुन्हा दाखवली. शेवटी मोटारसायकलची टाकी भरून आणली आणि गोकुळच्या सल्ल्याने नळीने पेट्रोल ओढून काढायला घेतलं. ओढायचं कधी थांबायचं हे गोकुळने बघितलेल्या चित्रफितीत बहुधा नंतर येत असावं. एक मोठा घोट काकासाहेबांच्या तोंडात आला.

चुळा भरून भरून हौद अर्धा झाला. त्यांची आई, लक्ष्मीबाई, पाचोडहून नातीच्या साखरपुड्यासाठी आलेल्या होत्या. त्यांनी लेकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि सांगितलं, "काका, आज देवापाशी येऊ नको. निरांजन लागलंय."

काकासाहेबांनी त्या दिवशी देवाला अंगणातूनच हात जोडले.

मग प्लग काढून घासला. मग कार्ब्युरेटर फुंकला. पात्याच्या खाली जुनं गवत वाळून गोवरीसारखं घट्ट बसलं होतं, ते काढायला मशीन कुशीवर आडवं केलं. अशा मशीनला दोन कुशी असतात आणि त्यातली एक चुकीची असते. काकासाहेबांनी निवडलेल्या कुशीवरून इंजिनातलं ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरलं, आणि थोडं आत जिथे जायला नको तिथेही गेलं. फिल्टर म्हणजे साधा स्पंजचा तुकडा. त्यांनी तो साबणाने स्वच्छ धुतला आणि वाळायला म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. मेंटेनन्सच्या पुस्तकात फिल्टर कसा धुवायचा हे असतं. दसऱ्याच्या आधी तो ओट्यावर ठेवू नये, हे नसतं.

संध्याकाळी लक्ष्मीबाई चिंच लावून देवाची पितळी भांडी घासत बसल्या होत्या. समया उजळल्या होत्या, घंटी उजळली होती, आणि फिल्टरच्या चिंध्या झाल्या होत्या.

"लई चांगली घासणी हाय, काका," त्या म्हणाल्या. "कुठून आणली? पाचोडला न्यायला अजून एक बघ."

काकासाहेब "बघतो" म्हणाले. ते बैठकीच्या खोलीत गेले आणि सोफ्याच्या गादीतून बेताचा एक तुकडा कापून आणला. सुरेखाबाईंना ते गादीवर बसल्यावर कळलं.

"त्या सोफ्यावर उद्या-परवा पाहुणे बसणार आहेत," त्या म्हणाल्या.

"पाहुणे लॉनवर बसणार आहेत," काकासाहेब म्हणाले. बायकोसमोर इतकं ठाम वाक्य त्यांच्या तोंडून फार दिवसांनी निघालं असेल.

अष्टमीच्या संध्याकाळी मशीन सुरू झालं. काकासाहेबांनी दोरी ओढली, मशीन फुरफुरलं, धडधडलं, आणि आत उतरलेलं सगळं ऑइल जळून पांढऱ्या धुराचा असा लोट निघाला की मोटारीची खोली दिसेनाशी झाली. धूर कॉलनीभर पसरला. घरोघर खिडक्या धडाधड बंद झाल्या, अन्नावर झाकणं पडली, पोरांना आत ओढलं गेलं. डासांसाठी धुराची फवारणी करा म्हणून अप्पाराव कित्येक महिने महापालिकेकडे अर्ज करत होते. ते नाकाला उपरणं लावून प्रसन्न चेहऱ्याने खाली आले.

"दखल घेतली म्हणायची शेवटी," धुराकडे बघत ते म्हणाले. "गटारीच्या बाजूला जरा जास्त सोडा."

धुराच्या आतून काकासाहेब "बरं" म्हणाले. नेहमी एवढ्यातेवढ्यावरून वाद घालणाऱ्या माणसाला त्या क्षणी वाद नको होता. ते फार आनंदात होते. धूर विरळ झाला, इंजिन सुरळीत चालू लागलं. लाल दांडी सोडली, ते बंद पडलं. दाबून ओढलं, ते पुन्हा सुरू झालं. अंधार पडत आला होता, त्यामुळे सकाळी उठून पहिलं काम गवताचं, असं ठरवून मशीन अंगणात आणून ठेवलं. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

सकाळी उठून बाहेर येतात तो मशीनला न्हाऊ घातलेलं. हळद-कुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेली, पुढे नारळ, विडा, उदबत्ती. आत देवीपुढच्या पाटावर विळी, सुऱ्या, कात्र्या, काकासाहेबांचे पाने, हातोडी, मोटारसायकलची चावी, सगळं मांडून कुंकवाने लाल केलेलं.

"आई, हे काय?"

"काय म्हंजे? खंडेनवमी हाय आज. हत्याराची पूजा."

"अगं, पण मला गवत कापायचंय."

"आज हत्यार चालवत नसतेत. तुह्या बापानं जन्मात खंडेनवमीला विळा उचलला नाय, अन् तू एवढं मोठं पातं फिरवतो का?"

"आई, उद्या पाहुणे येणार. साखरपुडा उद्या आहे."

"मंग आष्टमीलाच कापायचं होतं."

काकासाहेब दिवसभर अंगणात खुर्ची टाकून गवताकडे बघत बसले. येणारा-जाणारा प्रत्येकजण मशीनला नमस्कार करून विचारी, "मग, कधी कापताय?" गोकुळने तर मशीनसोबत स्वतःचा फोटो काढून घेतला.

संध्याकाळपर्यंत लेकाचा चेहरा बघून लक्ष्मीबाईंचं मन द्रवलं. त्यांनी निकाल दिला. घरची हत्यारं घरच्या देवापुढची, ती उद्या सोनं लुटून शिलंगण झाल्याशिवाय हलायची नाहीत. पण मशीन कॉलनीचं, परक्याचं. त्याची पूजा पहाटे उठवली तरी चालेल. अप्पारावांनीसुद्धा इतका बारीक भेद कधी केला नसता.

दसऱ्याला तांबडं फुटताच नारळ फुटला, मशीनवर अक्षता पडल्या. काकासाहेब लुंगी-बनियनवर, म्हणजे कामाच्या पोशाखात, मशीनमागे उभे राहिले. गवत संपेपर्यंत पुरावं म्हणून टाकी काठोकाठ भरली होती. दांड्याला लाल-पिवळा नाडा होता. लक्ष्मीबाईंनी तो नांगराच्या मुठीला, म्हणजे रुमण्याला, बांधतात तसा गच्च, वेढ्यावर वेढे देऊन, गाठीवर गाठ मारून बांधला होता, आणि त्या वेढ्यांत लाल दांडीही गेली होती आणि काळीही.

"हा सोडू का, आई?"

"सोडू नको. सायलीच्या सोयरिकीचा नाडा हाय तो. त्याच्या मनानं सुटंल तवा सुटंल. तोडायचा तर मुळीच नाय."

मेंटेनन्सच्या प्रमुखाने इथे विचार करायला हवा होता. पण इतके दिवस ज्या माणसाला मशीन चालू कसं करायचं याचीच काळजी होती, त्याच्या मनात ते बंद कसं करायचं हा प्रश्न कसा येणार? उलट, दांड्या आयत्याच दाबलेल्या आहेत हे बघून त्यांना बरं वाटलं. त्यांनी दोरी ओढली. पहिल्याच हिसक्याला मशीन सुरू झालं.

"बघ," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

मशीन चालू लागलं, काकासाहेब मागून चालू लागले. सुरुवातीचा तो वेळ काकासाहेबांच्या आयुष्यातला फार सुखाचा वेळ होता, हे इथे सांगायलाच हवं. ओल्या गवताचा वास सुटला होता. मागे हिरवी पट्टी पडत होती, वळून आलं की तिला लागून दुसरी. हरवलेले चेंडू एकेक करून उघडे पडत होते आणि गॅलऱ्यांमधून पोरं टाळ्या वाजवत होती. मांडववाले आले, त्यांनी कापलेल्या भागात खुर्च्या लावायला घेतल्या. सायलीच्या मैत्रिणींनी मांडवाच्या तोंडाशी मोठी रांगोळी घातली, आत सायली आणि सत्यम अशी नावं भरली. आपण दर रविवारी हे करत असतो, असं काकासाहेबांना स्वतःलाही वाटू लागलं.

बहुतेक सगळं कापून झालं. कडेचा एक पट्टा राहिला होता, तो आंघोळ करून मग बघू म्हणून काकासाहेबांनी हात सोडले. मशीन त्यांच्याशिवायच पुढे निघालं. त्यांनी पळत जाऊन दांडा धरला. लाल दांडी सोडायची तर ती नाड्याने बांधलेली. गाठ सोडायची तर हळदीच्या पाण्याने नाडा आवळून काथ्यासारखा झालेला. चालत चालत त्यांनी दात लावून बघितले. दातांना हळद लागली, गाठ तशीच राहिली.

"गोकुळ, हे थांबत नाहीये!"

"प्लगची टोपी काढा की, काका."

"प्लग पुढे आहे, मी मागे आहे, आणि मधे पातं आहे."

गोकुळने हे चित्रफितीत बघितलं नव्हतं. तो म्हणाला, नाडा कापा. सुरेखाबाई कात्री आणायला घरात धावल्या आणि रिकाम्या हाताने परत आल्या. कात्री देवीपुढे, कुंकू लावून. शेजारी गेल्या, तिथलीही कात्री देवापुढे. पलीकडच्या घरी सुरी होती, पण तिच्यावर फूल वाहिलेलं, आणि त्या घरच्या आजीबाई पाटाच्या राखणीला बसलेल्या. अख्ख्या कॉलनीत त्या सकाळी धार असलेली एकच वस्तू फिरत होती, ती काकासाहेबांच्या पुढे. आणि कात्री मिळाली असती तरी कापणार कोण? लेकीच्या साखरपुड्याच्या दिवशी सोयरिकीचा नाडा तोडायला सुरेखाबाईंचा हात उठला नसता, काकासाहेबांचाही नाही. लक्ष्मीबाई तर दारात हातात जपमाळ घेऊन हे बघायलाच उभ्या होत्या.

"पेट्रोल संपेपर्यंत फिरा," सुरेखाबाई शेवटी म्हणाल्या. "पाहुणे यायला वेळ आहे."

वेळ नव्हता. सणाचा रस्ता मोकळा, वेरूळच्या गाड्या ठरल्याआधीच फाटकात आल्या. रेशमी झब्बा आणि फेटा घातलेले तात्यासाहेब उतरले, जरीच्या साडीतल्या सरिताबाई उतरल्या, पाठोपाठ सत्यम आणि पाहुणेमंडळी. समोर होणारा व्याही लुंगी-बनियनवर, घामाने निथळत, पिवळ्या दातांनी हसत, माळ घातलेल्या मशीनमागे चालला होता.

काकासाहेबांना धरणी दुभंगली तर बरं, असं वाटलं. थांबता येत नव्हतं, आणि न थांबता स्वागत कसं करतात याचा रिवाज नव्हता. त्यांनी एका हाताने मशीन धरलं आणि दुसरा कपाळाला लावला. "या, या," ते ओरडले आणि वळून पलीकडे निघून गेले. दुसऱ्या फेरीत आल्यावर म्हणाले, "प्रवास कसा झाला?" उत्तर ऐकायला त्यांना आणखी एक फेरी मारावी लागली.

तात्यासाहेब झब्बा सावरून लॉनवर आले आणि काकासाहेबांच्या जोडीने चालू लागले. व्याह्यांची गळाभेट चालता चालताच झाली, तीही एकाच हाताची. अत्तराची कुपी फिरली, नारळ दिला गेला, लक्ष्मीबाईंनी मागे मागे येत तात्यासाहेबांना कुंकू लावलं.

"पाहुण्यांदेखत सुद्धा काम थांबवलं नाय तुम्ही," तात्यासाहेब भारावून म्हणाले. "खरं सांगतो, त्या दिसापासून मला झोप नाय. म्हटलं, हा माणूस सोता चालवतो. आमच्याकडं कंत्राटी माणसं येतेत, मला हात लावू देत नायीत. मालक, बाजूला व्हा, म्हणतेत. इतकी वर्षं झाली, आपल्याच गवतावर मी निसता उभा."

ज्या माणसाच्या धाकाने काकासाहेब पेट्रोल प्यायले होते, तो माणूस त्यांचा हेवा करत होता.

"एक चक्कर मला द्या की," तात्यासाहेब म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

व्याह्यांना नाही म्हणायची पद्धत नाही. काकासाहेबांनी दांडा हातात दिला आणि सांगायला तोंड उघडलं की हे थांबत नाही बरं का. पण तात्यासाहेब निघाले होते. राहिलेला पट्टा त्यांनी झोकात कापला. वळणावर फेटा सावरायला एक हात सोडला, आणि मशीन सरळ मांडवाच्या दिशेने गेलं.

रांगोळीवरून गवत कापायचं मशीन गेलं तर काय होतं, हे आजवर कोणी करून बघितलं नसावं. पात्याने सगळी रांगोळी उचलली आणि बाजूच्या तोंडाने बाहेर फेकली. अप्पाराव पांढरेशुभ्र कपडे घालून स्वागताला उभे होते, ते डावीकडून हिरवे झाले. गोकुळ चित्रण करत होता, तो मोबाइलसकट गुलाबी झाला. सत्यमच्या अंगावर सायलीचं नाव आलं असावं, कारण तो नखशिखांत जांभळा होता. आणि सरिताबाईंच्या जरीच्या साडीवर, खांद्यापासून पदरापर्यंत, झेंडूसारखा पिवळाधमक रंग बसला. मग मशीन एकदा फुरफुरलं आणि पेट्रोल संपून आपल्या मनाने थांबलं.

हे काकासाहेबांच्या हातून झालं असतं तर सोयरीक तिथेच मोडली असती. पण रंगवणारे वरबाप होते, आणि वरबापाला बोलायचं तर फक्त सरिताबाईंनी. त्यांनी नवऱ्याकडे एकदा बघितलं. तात्यासाहेबांनी दांडा सोडून दिला आणि फेटा काढून हातात घेतला.

पहिली हसली ती सायली. ती हिरव्या शालूत दारात उभी होती, तिने तोंडावर पदर धरला, पण हसू मागे राहिना. मग जांभळा सत्यम हसला, मग सगळा मांडव. हसत हसतच मुहूर्त गाठला गेला आणि नुकत्याच कापलेल्या हिरवळीवर अंगठ्या बदलल्या. फोटोत एकही माणूस स्वतःच्या रंगाचा नाही. काकासाहेबांनी घाईघाईत लुंगीवरच कोट चढवला होता. लेकीच्या बोटातली अंगठी बघताना त्यांचे डोळे भरून आले, आणि ते रांगोळीने नव्हे हे सगळ्यांना दिसलं.

पंगत उठल्यावर ते नळाशी हात धुवायला गेले, तर तिथे सरिताबाई पदराचा डाग धूत होत्या. आसपास कोणी नव्हतं. काकासाहेबांना पळून जावंसं वाटलं, पण पाहुण्यांना पाणी घालायला कोणीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी तांब्या उचलला.

"काकासाहेब," पदर चोळत, वर न बघता त्या म्हणाल्या, "तुम्ही आजच पयल्यांदा चालवली ना मशीन?"

तांब्यातलं पाणी नको तिथे सांडलं. आता खोटं बोलायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. "हो," ते म्हणाले. "कशावरून ओळखलंत?"

"हातावरचे फोड ताजे हायेत."

"माझं चुकलं, ताई. सायलीला त्यातलं काही—"

"ह्यांनीबी मला बघायला आल्यावर सांगितलं व्हतं, मला समदा स्वयंपाक येतो म्हून. हॉटेल काढलं तवा कळलं, ह्यांना कुकरबी लावता येत नाय." सरिताबाईंनी पदर पिळला. पिवळा रंग तसाच होता. तो त्यांनी खांद्यावरून नीट घेतला आणि मांडवाकडे निघाल्या. जाता जाता थांबल्या.

"पोरीची काळजी करू नका. थापा मारणारे म्या लई बघितले. थाप खरी करायला लुंगीवर पळणारा हा पयलाच बघितला."